धीर कोणी धरायचा?

(स्मृती व्याख्यानमालेतील समारोपाचे व्याख्यान)



'पराकोटीच्या दुःखात आशा आणि श्रद्धा' हा विषय मला सुचवला गेला, तेव्हा मी दोन अटी घातल्या. पहिली अट, मी इथे कुणाला धीर देणार नाही. दुसरी अट, बोलेन ते मुख्यतः एकाच आयुष्याबद्दल बोलेन. आयोजकांनी दोन्ही अटी मान्य केल्या, हा त्यांचा मोठेपणा.

अटी का घातल्या ते सांगते. या विषयावर ढोबळ बोलणं फार सोपं असतं. रात्र सरते, पहाट होते, देव परीक्षा बघतो, सोनं आगीतून तावूनसुलाखून निघतं, अशी वाक्यं आपल्याकडे तयारच आहेत. पण ती कोण म्हणतं? ज्याची पहाट झाली तो. ज्याची झाली नाही, तो व्यासपीठावर येऊन सांगायला उरत नाही. दुःखातून तरून आलेल्यांचीच चरित्रं लिहिली जातात, त्यांचेच पुतळे उभे राहतात आणि मग आपल्याला वाटू लागतं की दुःख माणसाला मोठं करतं. एकाच घरातल्या पाच माणसांवर एकच दुःख कोसळलं, पाचांची श्रद्धाही एकच होती आणि त्यातलं एकच माणूस इतिहासात उरलं, तर मोठं कोणी केलं म्हणायचं? दुःखानं केलं असतं तर पाचही जणांना केलं असतं.

हे घर डोंगऱ्यांचं. त्यातलं उरलेलं माणूस म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचं नाव आपल्याला तीन-चार ओळींत माहीत असतं. संस्कृत पंडिता, विधवांसाठी शारदा सदन, ख्रिस्ती झाल्या, केडगावचं मुक्ती मिशन. त्यामागचा दुष्काळ आपण फारसा बघत नाही. मला तो बघायचा आहे. त्यांची आशा आणि श्रद्धा या दोन्ही गोष्टी दुष्काळात एकदा पार मोडल्या. पुढे त्या जुळल्या त्या वेगळ्याच जागी.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. मोठे विद्वान आणि त्या काळाच्या मानानं मोठे हट्टी. बायकोला, लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवलं. बाईमाणसाला देववाणी शिकवली म्हणून धर्मसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. सह्याद्रीच्या आजच्या कर्नाटकातल्या रांगेत गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम थाटला आणि तिथं २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. येईल त्याला जेवू घालायचं या रिवाजात हळूहळू सगळी मालमत्ता संपली. मग हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. आईवडील, मोठा भाऊ श्रीनिवास, बहीण कृष्णाबाई आणि धाकटी रमा. देवळात बसून पुराण सांगायचं, श्रोते देतील त्या धान्यावर आणि दक्षिणेवर राहायचं आणि उरेल ते दानधर्मात घालायचं. रमाचं सगळं शिक्षण आईच्या तोंडून झालं, तेही बहुतेक पाठांतरानं.

या लोकांची श्रद्धा लेचीपेची नव्हती, हे आधी लक्षात घेऊ. यात्रा, उपवास, व्रतं, अनुष्ठानं यांत कसूर नव्हती. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, धान्य महागलं, श्रोत्यांची ओंजळ आखडली, तेव्हा या कुटुंबानं काय केलं? हातात होता नव्हता तो पैसा देव प्रसन्न व्हावा म्हणून ब्राह्मणांना दान केला आणि वाट बघितली. मोलमजुरीचा विचारही शिवला नाही. शास्त्र्याच्या पोरांनी पोथीशिवाय दुसरं काही शिकायचं नसतं, असंच तर त्यांना सांगितलं होतं. पुढे १८९७ साली लिहिलेल्या दुष्काळाच्या आठवणींत रमाबाईंनी आपल्या घराच्या या अभिमानावर मुळीच पांघरूण घातलेलं नाही. आम्हाला व्यवहारज्ञान नव्हतं, आम्ही मूर्खपणा केला, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे.

दागिने गेले, भांडीकुंडी गेली, चांगली वस्त्रं गेली. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढल्यावर वृद्ध, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. मुलांचे हाल बघवत नव्हते. त्यांनी एकेकाला जवळ घेऊन निरोप दिला. धाकट्या रमेला सांगितलं की तुला मी देवाच्या हाती सोपवलं आहे, सचोटीनं राहा, त्याचीच सेवा कर. हे बोलणारा माणूस त्याच देवाला अकरा दिवस हाका मारून थकलेला होता. त्यांच्या श्रद्धेचा हा क्षण मला कोणत्याही चमत्कारकथेपेक्षा मोठा वाटतो. त्यांना काही मिळालं नव्हतं, मिळेल अशी आशाही उरली नव्हती, तरीही मुलीला देण्यासारखी दुसरी चीज त्यांच्याजवळ नव्हती.

पण आशा? ती त्या रानात कोणी आणली? श्रीनिवासनं. तो म्हणाला, मी मजुरी करीन, जातीचा आणि विद्येचा अभिमान गुंडाळून ठेवतो, पण तुम्ही पाण्यात शिरू नका. पोथीपुराणात वाढलेल्या मुलाच्या तोंडून निघालेलं हे साधं वाक्य. देवाकडून उत्तर आलं नव्हतं. उत्तर आलं ते पोरानं ओझं उचलायची तयारी दाखवली तेव्हा. आजच्या माझ्या बोलण्याचा गाभा इथे आहे.

उशीर झालाच होता. रानातून बाहेर पडले, पण थोड्याच दिवसांत वडील गेले. मरण्यापूर्वी संन्यास घेतल्यामुळे दहन न करता पुरायचं होतं. खांदा द्यायला कोणी येईना. श्रीनिवासनं बापाचा देह धोतरात गाठोड्यासारखा बांधला आणि कोसभर एकट्यानं वाहून नेला.

मग आई. रायचूरला लक्ष्मीबाई तापात आणि भुकेत भ्रमिष्ट झाल्या आणि खायला मागू लागल्या. रमा शेजारच्या एका घरी भाकरीचा तुकडा मागायला गेली. दारात उभी राहिली आणि तोंडून शब्द फुटेना. आजवर पुराण सांगून सन्मानानं घेतलं होतं, 'वाढा' म्हणून हात पसरला नव्हता. ती नुसती रडत उभी राहिली. त्या घरच्या बाईनं काय समजायचं ते समजून बाजरीची भाकरी हातावर ठेवली. रमा ती घेऊन आली. आईला ती खाता आली नाही. एवढी ताकदच उरली नव्हती.

लक्ष्मीबाई गेल्यावर दोन ब्राह्मण दया येऊन खांद्याला आले. चौथा खांदा रमेचा. ती उंचीनं कमी. तिरडी समतल राहावी म्हणून तिनं आपली बाजू डोक्यावर घेतली. काही काळानं पटकीनं कृष्णाबाई गेली.

ती भाकरी कोणाच्या उपयोगी पडली नाही, असं आपण म्हणू शकतो. एक जीव वाचला नाही. हिशेबात ती फुकट गेली. पण दोन दशकांनंतर आठवणी लिहायला बसल्यावर रमाबाईंनी त्या भाकरीला आणि त्या दाराला जागा दिली. त्या घरच्या बाईचं नाव आपल्याला कळत नाही. तिनं 'धीर धर' असं म्हटल्याची नोंद नाही. 'देवाची इच्छा' असं म्हटल्याचीही नाही. भाकरी दिली एवढंच. माझ्या मते रमाबाईंच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज या दारात आहे. ज्याचं पोट जळतं आहे त्या माणसाला आशा बाहेरून येते आणि ती आणून द्यावी लागते. आतून उगवायला जी शक्ती लागते, तीच तर भुकेनं हिरावलेली असते.

आता श्रद्धेचं काय झालं ते पाहू.

उरलेली दोघं भावंडं चालत राहिली. दक्षिणेतून उत्तरेकडे, काश्मीरपर्यंत. शेकडो कोस अनवाणी पायांनी, अंगावर पुरेसं पांघरूण नाही. कधी भिजवलेलं मूठभर धान्य आणि मीठ एवढंच जेवण. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा दोघांनी दोन खड्डे खणले, त्यात उतरून गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. जिवंतपणी स्वतःला पुरून घेऊन जगलेली ही दोन माणसं आहेत. या वाटचालीत त्यांनी तीर्थं पाहिली, पुजारी पाहिले, चमत्काराच्या नावानं चाललेल्या लबाड्या पाहिल्या, आणि आईबापांच्या देवांवरचा त्यांचा विश्वास उडाला.

आपल्याकडे याला श्रद्धा ढळणं म्हणतात आणि ते कमीपणाचं मानतात. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. ज्या श्रद्धेनं वडिलांना पैसा दान करून वाट बघायला लावलं, ती डोळे उघडे ठेवून पुढे न्यायची तर तिच्यातलं काहीतरी टाकावं लागणारच होतं.

१८७८ साली ही भावंडं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. नशीब उघडलं असं वाटावं, तोच १८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवास गेला. मरताना त्याला एकच घोर होता, बहिणीचं कसं होणार. रमाबाईंनी त्याला सांगितलं की तुझी-माझी काळजी घ्यायला देवाशिवाय कोणी नाही. तो म्हणाला, देव घेत असेल तर मग मला भीती नाही. देवादिकांवरचा विश्वास उडालेली ही दोन माणसं एकमेकांशी हे बोलत होती. तिथं कर्मकांड नव्हतं, मूर्ती नव्हती, फळाची अपेक्षाही नव्हती. हिशेब संपल्यावर उरली ती ही श्रद्धा.

त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, दोन्हीकडून बहिष्कार. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीनं गेले. रमाबाईंना चोविसावं वर्ष चालू होतं. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळं संपलेलं आणि पदरात वर्षाचीही न झालेली पोर.

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावायचं, असं आपण म्हणतो. त्या वर्षी रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापला, 'स्त्री धर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना बायकांना बायकांनीच शिकवलं आणि तपासलं पाहिजे, त्यासाठी स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण दिलं पाहिजे, असं सांगितलं. याला मी दुःखावर मात वगैरे म्हणणार नाही. त्यांच्या मनात काय चाललं होतं, आपल्याला काय ठाऊक? दिसतं ते एवढंच की आपलं दुःख त्यांनी आपल्यापुरतं ठेवलं नाही. माझ्यावर आली तशी वेळ आणखी कुणावर येते, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचं उत्तर शोधायला बाहेर पडल्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाच्या मैत्रीण होत्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात असताना आनंदीबाईंनी आत्महत्या केली. परदेश तोच, एकटेपण तेच, घर तेच. एक बाई तगली, एक तगली नाही. आनंदीबाईंची श्रद्धा कमी पडली असं म्हणायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. माणूस किती सोसू शकेल याचं माप बाहेरच्याला काढता येत नाही, हे रमाबाईंच्या कथेत आनंदीबाईंचं नाव आवर्जून घेतल्याशिवाय आपल्या ध्यानात राहत नाही.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात गहजब झाला. तिकडे वाँटेजमध्ये वेगळाच पेच उभा राहिला. नवी ख्रिस्ती बाई आता निमूटपणे ऐकेल, असं तिथल्या धर्मगुरूंना वाटलं होतं. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी जो पत्रव्यवहार केला, तो वाचावा असा आहे. त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद, चर्चच्या सत्तेवर वाद, मुलीला कोणत्या प्रार्थना शिकवायच्या यावरही वाद. सदसद्विवेक माझा आहे, तो मी कोणाच्या स्वाधीन करणार नाही, हा त्यांचा पवित्रा. उपकार करणाऱ्यांच्या घरात, त्यांच्या अन्नावर राहून त्या हे म्हणत होत्या. रायचूरच्या दारात शब्द न फुटलेली मुलगी ती हीच.

सोसलेल्या माणसाची श्रद्धा मवाळ असते असा एक समज आहे. रमाबाईंची श्रद्धा भांडखोर होती. एकदा डोळे झाकून विश्वास ठेवण्याची किंमत घरातली तीन माणसं देऊन त्यांनी मोजली होती. दुसऱ्यांदा त्या डोळे झाकणार नव्हत्या.

आपल्याकडे दुष्काळातून बाहेर आलेल्या श्रद्धेचं नाव काढलं की तुकोबा आठवतात. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. परंपरा सांगते की पुढे त्यांनी लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतं इंद्रायणीत बुडवली. ही कथा आपण वैराग्याची म्हणून सांगतो. मी तिच्याकडे दुष्काळाच्या बाजूनं बघते. उपासमारीत घरचं माणूस गमावलेल्या माणसाला कोणाच्या तरी गळ्यात अडकलेला कर्जाचा फास दिसला आणि त्यानं तो सोडवला. ज्यांची खतं बुडाली त्यांच्या घरी त्या दिवशी काय वाटलं असेल? तुकोबांची श्रद्धा त्यांच्या घरी अशी पोहोचली. रमाबाईंची केडगावात अशीच पोहोचणार होती.

रमाबाई मायदेशी परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९३ मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं. 'केसरी'नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या.

आणि मग पुन्हा दुष्काळ आला. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात लोक मरू लागले. रमाबाईंच्या हाती एवढ्या कामाला पैसा नव्हता, माणसं नव्हती, पुण्यात नाव बदनाम झालेलं. तरी त्या निघाल्या. त्यांना तिकडे ओढून नेलं ते स्वतःच्या दुष्काळाच्या आठवणीनं, असं त्यांनीच लिहिलं आहे. सरकारी अनाथगृहांत आणि मदतकार्यांच्या जागी त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या, आणि त्यांना गोळा करून नेणारे, विकणारे दलालही पाहिले. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगची साथ चालू होती. इतक्या मुली शहरात ठेवायला सरकारची मनाई झाली, तेव्हा केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या आणि तंबू ठोकले गेले. त्याच सुमारास प्लेगच्या सरकारी इस्पितळात बायकांना कशी वागणूक मिळते यावर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. मुंबई सरकारला ते झोंबलं. केडगावच्या तंबूत तीनशे तोंडं पोसायची असताना सरकारशी वैर घेणारी ही बाई होती.

केडगावात आधी प्रवचन झालं नाही. अंघोळ, डोक्यातल्या उवा, खरूज, पेज. उपाशी पोटात एकदम अन्न गेलं तर माणूस मरतो, म्हणून थोडं थोडं. मग कपडा. मग पाटी. मग काम: शेत, विहीर, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण टिंगलीनं वापरतो. केडगावात ती कार्यपद्धती होती. १९०० च्या गुजरात-राजपुतान्याच्या दुष्काळात, ज्याला तिकडे छप्पनियो म्हणतात, रमाबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या मुली स्वतः गावोगाव गेल्या आणि मुली घेऊन आल्या. मुक्ती सदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तीन-चार वर्षांमागे ज्यांना उचलून आणलं होतं, त्या आता दुसऱ्यांना उचलत होत्या. अंध मुलींना ब्रेल शिकवायची सोय झाली, मनोरमाबाईंनी त्यात लक्ष घातलं.

इथं एक अवघड प्रश्न येतो आणि मी तो टाळणार नाही. केडगावात भाकरीबरोबर धर्मही होता. मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती होतं आणि तिथल्या असंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी पोरीनं दिलेल्या संमतीला संमती म्हणायचं का? मला वाटतं, हा प्रश्न रास्त आहे. भुकेच्या टोकाला माणसाची निवड मोकळी नसते. रमाबाईंचा आदर करणाऱ्यांनीही हे मोकळेपणी म्हणावं. पण त्याच श्वासात दुसरंही म्हणावं लागतं. त्या मुलींना न्यायला त्यांच्या धर्मातलं आणखी कोण आलं होतं? पुण्यातले टीकाकार मध्य प्रांतातल्या त्या अनाथगृहांच्या दारात उभे नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्येच आपल्या 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली होती, ती अशा विचारानं. ज्या धर्मानं बाईला माणूस मानलं नाही, त्यानं ती गेली म्हणून ओरड कशाला करायची? प्रश्न विचारायचा हक्क मी नाकारत नाही. तो हक्क हातात भाकरी घेऊन आलेल्याला थोडा जास्त आहे, एवढंच माझं म्हणणं.

या प्रश्नाचं खरं उत्तर महाराष्ट्रात फार उशिरा, आणि दुष्काळातूनच आलं. १९७२. या सभागृहातल्या ज्येष्ठांना तो दुष्काळ पुस्तकात वाचायची गरज नाही. खडी फोडलेले हात इथे असतील, सुकडी आणि मिलो खाल्लेली तोंडंही. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. शंभर वर्षांपूर्वी, १८७६ ते ७८ च्या महादुष्काळात देशात ५० लाखांवर माणसं मेली असा अंदाज आहे. आकडा जवळपास तोच, पण एकीकडे मेलेले आणि दुसरीकडे कामावर असलेले. मधल्या काळात देवाच्या कृपेत फरक पडला नव्हता, पाऊस तेव्हाही नव्हता आणि आताही नव्हता. फरक पडला तो इतक्या लोकांना काम आणि मजुरी पोहोचवण्याच्या व्यवस्थेनं, आणि ती व्यवस्था मागणाऱ्या, मोर्चे काढणाऱ्या माणसांनी. त्यातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. धर्म विचारायचा नाही, जात विचारायची नाही, दारात रडत उभं राहायचं नाही.

रायचूरच्या दारात जो शब्द सोळा-सतरा वर्षांच्या रमेच्या तोंडून फुटला नाही, तो आता मोठ्यानं म्हणायचा हक्क झाला. आशेचा कायदा होऊ शकतो, ही महाराष्ट्रानं देशाला शिकवलेली गोष्ट आहे. २००५ साली देशानं ती उचलली. अशा कायद्यांच्या अंमलबजावणीत किती भोकं आहेत, मजुरी किती उशिरा मिळते, हे मला माहीत आहे. पण ती भोकं बुजवायचं काम हेही आशेचंच काम आहे, प्रवचनाचं नाही.

श्रोतेहो, आता मूळ विषयाकडे. पराकोटीच्या दुःखात आशा आणि श्रद्धा टिकवायची कशी, हा प्रश्न आपण नेहमी दुःखात असलेल्याला विचारतो. मुलाच्या कर्करोगाचं निदान ऐकलेल्या आईला आपण म्हणतो, धीर धरा. शेतकऱ्यानं गळफास घेतलेल्या घरी समाचाराला जातो आणि त्याच्या बायकोला म्हणतो, धीर धर, पोरांकडे बघ. ती पोरांकडेच बघत असते. बँकेच्या नोटिशीकडे, सातबारावरच्या नावाकडे, मदतीच्या अर्जाला लागणाऱ्या कागदांकडे कोणी बघायचं? धीर धरायची मागणी आपण सर्वांत अशक्त माणसाकडे करतो आणि स्वतः चहा घेऊन घरी येतो. अशानं आशा ही त्या बाईवर आणखी एक ओझं होते. ती खचली तर आपण वर म्हणतो की ती खचली.

रमाबाईंच्या आयुष्यातून मी उलट शिकले. धीर शेजाऱ्यानं धरायचा, तिच्या वतीनं. ती खचली तरी आपण खचायचं नाही. अर्ज आपण भरायचा, इस्पितळात रात्री आपण थांबायचं, पोराची फी आपण भरायची, आणि हे दहाव्या-तेराव्यानंतरही, जेव्हा मंडप निघालेला असतो आणि माणसं पांगलेली असतात. आशा तिच्या मनात आहे की नाही, हे तिला विचारायचं नाही. आपण येत राहिलो तर कधीतरी येईल. नाही आली तरी आपण यायचं.

आणि श्रद्धा? ती प्रत्येकाची खाजगी बाब आहे आणि त्यात मी कोणाला उपदेश करणार नाही. रमाबाईंचं उत्तर त्यांच्यापुरतं त्यांनी दिलं. शेवटच्या वर्षांत ऐकू येणं जवळपास बंद झालेलं, तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर चालूच होतं. खेड्यातल्या बाईला वाचता यावं, हा हेतू. केडगावच्या मुलीच त्याचे खिळे जुळवत होत्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. ज्या मुलीच्या हाती सगळं सोपवायचं होतं, ती आईच्या आधी गेली. रमाबाईंनी मुद्रितं तपासायचं काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. देव त्यांना का दुःख देतो, याचा उलगडा त्यांनी आयुष्यभर मागितला असेल, नसेल. दिलेलं काम मात्र त्यांनी पुरं केलं.

म्हणून आयोजकांनी दिलेल्या विषयाला माझं उत्तर थोडक्यात असं. दुःखात असलेल्या माणसानं आशा धरली तर त्याचे आभार मानू. नाही धरली तर त्याला दोष देणार नाही. त्याच्या वाट्याची आशा धरणं हे ज्याचं पोट भरलेलं आहे, ज्याचे हातपाय चालतात, त्याचं काम आहे. म्हणजे माझं आणि तुमचं. या व्याख्यानमालेच्या निमित्तानं इथे जमलेल्या प्रत्येकानं या वर्षात असं एक घर निवडावं, आणि पुढच्या वर्षी इथे भेटू तेव्हा त्या घराचा हिशेब एकमेकांना द्यावा, एवढी विनंती करून थांबते.